कुरुळीचा मुक्काम आणि ब्रेकचा दिवा

आमच्या सांगवीच्या महिला मंडळात नियम आहे की जी बाई बाहेरगावी जाऊन येईल तिने त्याबद्दल लिहून द्यायचं. यंदा एक काशीला गेली, एक मुलाकडे दुबईला गेली आणि मी चाकणला गेले. चाकण सांगवीपासून तास-दीड तासावर आहे. तरी मंडळात विचारलं की कुणी बघितलंय, तर दोनच हात वर झाले, आणि त्यातलीही एक नाशिकला जाताना बसमध्ये झोपली होती. म्हणून लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

जायचं कारण साधं होतं. माझी मुलगी शोभा कुरुळीत राहते आणि एका कंपनीत पॅकिंगला जाते. कंपनीच्या बसमधून उतरताना ती पडली, उजव्या हाताला प्लास्टर घातलं. भाकऱ्या कोण करणार, म्हणून मी निघाले.

जावई दिगंबरराव मूळचे परभणीकडचे. अकरा वर्षं ते कंपनीत कंत्राटी कामगार होते. ते सोडून त्यांनी पिकअप घेतली. चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात भोसरीहून लोखंडी ब्रॅकेट पोचवायचं काम मिळणार होतं, पण आधी आठवडाभर चाचणी. त्या कारखान्याच्या गेटवर प्रत्येक गाडी तपासतात. दिवे, हॉर्न, मागे जाताना वाजणारा भोंगा, सगळं चालू पाहिजे. एक जरी बंद असेल तर गाडी परत पाठवतात आणि वहीत नोंद करतात. तीन नोंदी झाल्या की नाव काटतात, आणि वर्षभर तोंड दाखवायचं नाही. दिगंबररावांनी गाडी घेतली होती ती याच कामाच्या भरवशावर.

आणखी एक नियम होता. गाडीसोबत चालकाशिवाय एक माणूस पाहिजे. गाडी मागे घेताना त्याने उतरून मागे उभं राहायचं आणि सांगायचं. दिगंबररावांचा माणूस बहिणीच्या लग्नाला लातूरला गेला होता. शोभा सुट्टी टाकून बसणार होती, तर तिचा हात मोडला. त्यामुळे भाकऱ्या करायला निघालेली मी क्लीनर म्हणूनही लागले.

सोमवार

गाडी सकाळी सातला दारात आली. पांढरी, मागे उघडा हौदा. चढायची पायरी माझ्या गुडघ्याच्या वर होती. शेजारच्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, या वयात टेम्पोत? ओला बोलवा की." मी म्हटलं, "ओलात लोखंड भरू देत नाहीत."

भोसरीत माल भरला. ब्रॅकेट दिसायला बिस्किटाएवढे, पण क्रेटवर क्रेट चढले तशी गाडी खाली बसत गेली. ज्या गल्लीत माल भरला तिच्याच मागच्या गल्लीत मी एकवीस वर्षं काम केलं. तिथे गाड्यांचे हारनेस बनायचे. गाडीतल्या सगळ्या वायरी बांधून जो लांब झुबका होतो त्याला हारनेस म्हणतात. मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असतात, त्यांच्यामधून रंगारंगाच्या वायरी फिरवायच्या आणि टेप गुंडाळायचा. आम्ही चाळीस बायका होतो. आता त्या जागी व्यायामशाळा आहे. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. आमच्या वेळी तिथे पंखेसुद्धा नव्हते.

मोशी गेली, इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि देखावा बदलला. आमच्याकडे दुकानांच्या पाट्या असतात, इथे नुसते बाण. कोणता कारखाना कोणत्या फाट्याला, एवढंच. पत्र्याच्या दोन लांबलचक शेडांच्या मध्ये अर्धा एकर कोथिंबीर उभी होती आणि तिच्यातल्या बुजगावण्याच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, खिशावर नावासकट. कंटेनर एवढे लांब की एक वळेपर्यंत माझा चहा पिऊन झाला.

गेटवरचा माणूस तिथलाच, जुन्या घरातला. मिशा मोठ्या, बोलणं तुटक.

"क्लीनर कोन?"

"मी."

"तुमी?"

"दुसरं कोणी दिसतंय का गाडीत?"

त्याने वर-खाली बघितलं आणि हिरवं जाकीट, हेल्मेट आणि लोखंडी टोकाचे बूट पुढे केले. बूट दोन बोटं मोठे होते. मी आत वर्तमानपत्र कोंबलं. लुगड्यावर ते कसं दिसत होतं हे मला माहीत नाही, कारण आरसा नव्हता.

तो गाडीच्या मागे गेला. "इंडिकेटर... बरं. रिव्हर्स... वाजतोय. ब्रेक दाबा." मग जरा वेळाने, "दाबा की वो!"

"दाबलाय!" दिगंबरराव म्हणाले.

"दिवा लागंना."

दिगंबररावांनी डॅशबोर्डखाली हात घालून फ्यूज काढला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्यूज म्हणजे नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, आत पातळशी पट्टी. वायरीतून नको तेवढा करंट गेला की आधी ही पट्टी वितळते आणि वायर वाचते. ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज लाल, म्हणजे दहाचा. पट्टी वितळलेली होती. त्यांनी नवा टाकला, दोन्ही दिवे लख्ख लागले. गेटवाला म्हणाला, "या आता." गाडी गेटाच्या गतिरोधकावर चढली, दिगंबररावांनी ब्रेक दाबला, दिवे एकदा चमकले आणि गेले.

"मागं घ्या," गेटवाला म्हणाला. वही उघडून त्याने लाल शाईने लिहिलं. पहिली नोंद.

माल भोसरीला परत उतरवून आम्ही कुरुळीत आलो. फाट्यावर एक इलेक्ट्रिशियन बसतो. त्याने नवा फ्यूज टाकला, वीसेक वेळा ब्रेक दाबायला लावला. दिवे दर वेळी लागले. तरी त्याने ब्रेकच्या पायाखालचं, दिवा लावणारं बटण बदललं. "ओके, भाऊ. बिनधास्त जा," म्हणाला. आणि हिरवा फ्यूज, म्हणजे तीसचा, खिशातून काढून दिला. "परत उडाला तर हा टाका. हा उडायचाच नाही."

कुरुळीत शोभाची खोली दहा खोल्यांच्या चाळीत आहे. लातूर, जालना, सांगली, सगळीकडचे लोक. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या शर्टांच्या रंगावरून कोण कोणत्या कंपनीत आहे ते कळतं. आमच्याकडे भेटल्यावर "जेवलात का" विचारतात, इथे "कोणती शिफ्ट?" विचारतात. मलाही तिघांनी विचारलं. चौथ्याला मी "जनरल" सांगितलं, तो "बरं आहे" म्हणून निघून गेला.

मी दारात भाकऱ्या थापत होते तेव्हा दिगंबरराव गाडीच्या मागे उकिडवे बसलेले दिसले. गाडीला मागे एक जुनी चप्पल टांगलेली होती, नजर लागू नये म्हणून. त्यांनी शेजारी दुसरी बांधली आणि पक्कडीने तार पिळून पिळून घट्ट केली.

"लई नजर लागलीय गाडीला," ते म्हणाले. "नवी दिसली की लोकं बघतेत."

सांगवीत रिक्षालाही लिंबू-मिरची असते. जेवायला त्यांच्याकडचं येसर केलं होतं, मसाल्याचं पीठ लावून केलेली आमटी. माझ्या हातचं त्यांना आवडलं नाही. मलाही आवडलं नाही.

मंगळवार

भोसरीत माल भरला. मोशी ओलांडताना आरशात बघून दिगंबरराव म्हणाले, "गेला." मागच्या गाडीच्या काचेत आमच्या दिव्याची लाली दिसायची, ती दिसेना. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि खिशातून हिरवा फ्यूज काढला.

"तो टाकू नका," मी म्हटलं.

"इलेक्ट्रिशननं दिलाय, मामी." त्यांच्याकडे सासूला मामी म्हणतात.

"दहाच्या जागी तीस टाकला तर फ्यूज उडणार नाही, वायर जळेल."

"तुमी बसा बरं. गेट नऊला लागतंय." त्यांनी टाकला.

आमच्याकडे जावयाला उलट बोलत नाहीत. चिंबळी फाटा आला. मग वास आला. तो वास मला झोपेतही ओळखता येईल. वायरीवरचं प्लास्टिक मऊ व्हायला लागलं की तसा येतो.

"गाडी थांबवा."

"पाच मिन्टं राहिलीत, मामी!"

"वास येतोय."

"बाहेरचा आसंल. कारखाने हायेत."

मी वाकले, डॅशबोर्डखाली हात घातला आणि फ्यूज उपटून काढला. बोटाला चटका बसला. फ्यूज पदरात टाकला आणि पदर खोचला.

दिगंबररावांनी तेव्हा गाडी थांबवली. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. "काय केलंव हे? आता दिवा लागणार न्हाई! परत लाल शेरा! द्या तो फ्यूज!"

"देणार नाही. हौदा जळाला तर शेरा कुणाला दाखवणार?"

गेटवर दिवा लागला नाही. गेटवाल्याने वही उघडली. "दोन झाल्या," तो म्हणाला. "उद्या बघून या, राव. मला बी बरं न्हाई वाटत."

परतताना दिगंबरराव एवढंच बोलले, "आज गाडी तुमच्यामुळं परत गेली."

ते खरं होतं.

चाकणच्या बाजाराजवळ मी गाडी थांबवायला सांगितली आणि कांदाभजी घेतली. त्या रस्त्यावर कांद्याच्या साली वाऱ्याने अशा उडत असतात की अंगावर आल्या तरी कुणी झटकत नाही. ट्रकवर ट्रक गोण्यांनी भरलेले. आमच्याकडे कांदा किलोने निवडून घेतात, एखादा सडका दिसला तर बाजूला काढतात. इथे सडके कांदे चाकाखाली जात होते. भजी गरम होती. दिगंबररावांनी खाल्ली नाही, मग मी दोन्ही पुड्या संपवल्या. उपाशीपोटी मला विचार करता येत नाही.

विचार असा केला. इलेक्ट्रिशियनकडे दिवा वीस वेळा लागला. रस्त्यावर गेला. सोमवारीही तसंच, आजही तसंच. इलेक्ट्रिशियनकडे आणि रस्त्यावर फरक काय? तिथे गाडी रिकामी होती. इथे भरलेली होती.

हारनेसच्या कामात तपासणीचा एक बोर्ड असायचा. झुबका त्यावर ठेवायचा, प्रत्येक वायरीला एक दिवा. वायर तुटलेली असली तर दिवा लागत नाही, दोन वायरी एकमेकींना लागल्या असल्या तर भलताच दिवा लागतो. नव्या मुली झुबका सरळ ठेवून बघायच्या आणि पास करायच्या. आमच्या सुपरवायझर बाई त्यांच्या हातावर मारायच्या. "वाकव, दाब, ओढ, मग बघ. सरळ ठेवला तर सगळाच माल पास होतो."

घरी पोचल्यावर मी दिगंबररावांना म्हटलं, "माल उतरवून आणा आणि संध्याकाळपर्यंत गाडी माझ्या ताब्यात द्या."

"तुमाला काय कळायलंय गाडीतलं?"

शोभा आतून म्हणाली, "अहो, आईने एकवीस वर्षं गाड्यांच्या वायरी बांधल्यात."

"मला वाटलं कंपनीत होत्या. झाडलोट वगैरे."

"विचारलं कधी?" मी म्हटलं.

ते भोसरीला गेले तेवढ्यात मी फाट्यावर इलेक्ट्रिशियनकडे गेले आणि हेडलाइटचा जुना बल्ब मागितला. तो हसला. "देव्हाऱ्यात लावणार का, आज्जी?"

"हो. चार वाजता दर्शनाला या."

बल्बला दोन वायरी जोडल्या, टेप लावला, आणि गाडी परत आल्यावर त्या वायरींची टोकं फ्यूजच्या जागी खोचली. फ्यूजच्या ऐवजी बल्ब. यात शहाणपण एवढंच की बल्ब जळून जात नाही. दिगंबररावांना ब्रेकवर पाय ठेवून बसवलं. मागचे दिवे मिणमिणले आणि माझा बल्बही लालसर, बारीक लागला. म्हणजे करंट जिथे जायला पाहिजे तिथेच जातोय. वायर कुठे लोखंडाला टेकली असती तर मागचे दिवे विझून माझा बल्ब पूर्ण पेटला असता. हा बल्ब तापतो, म्हणून स्टीलच्या ताटलीत ठेवला आणि शोभाला गाडीच्या दारापाशी उभं केलं.

"बारीक आहे तोवर 'बारीक' म्हणायचं. पेटला की 'मोठा'."

"रिकाम्या गाडीत बारीकच राहणार," इलेक्ट्रिशियन म्हणाला. तो खरंच आला होता. "मी काल बघितलं ना."

"म्हणूनच भरायची आहे."

"कशानं भरणार? माल तर उतरवला."

तेवढ्यात फाट्याकडून पहिल्या शिफ्टच्या बायका डबे घेऊन येताना दिसल्या. बारा-तेरा जणी होत्या. पुढे पुष्पाबाई, शोभाच्या शेजारीण, अंगाने भरभक्कम, कोल्हापूरकडच्या. त्यांच्याकडे बायका स्वतःबद्दल बोलताना "येतो, जातो" म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटलं दाराआडून पुरुष बोलतोय.

"पुष्पाबाई, गाडीत चढा."

"कुठं जायचंय, आज्जे?"

"कुठेच नाही. नुसतं वजन पाहिजे."

"मग योग्य बाईला सांगितलंस की!" त्या म्हणाल्या. "मी चढतो. ए, या गं सगळ्या, आज आपल्या वजनाला मान हाय!"

एकेकीला हात देत चढवली. गाडी थोडी थोडी खाली बसत गेली. सातवी बाई चढली तरी शोभा "बारीक" म्हणत होती. इलेक्ट्रिशियन मला बघून भुवया उडवत होता. दहावी चढली, बारीक. मग एक आणखी चढली आणि सगळ्या जरा मागे सरकल्या.

"मोठा!" शोभा ओरडली. "आई, मोठा झाला! पांढरा!"

"कुणी हलू नका!" मी ओरडले. मग म्हटलं, "आता सगळ्या उजवीकडे सरका. हळू."

त्या सरकल्या, एकमेकींच्या अंगावर पडत, हसत.

"बारीक!"

"परत डावीकडे."

"मोठा!"

म्हणजे दोष डाव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ. इलेक्ट्रिशियन हसायचा थांबला होता.

सासूने जावयासमोर पाय पसरून बसू नये अशी आमच्याकडे रीत आहे. मी पोतं अंथरलं, लुगडं खोचलं, दिगंबररावांना "तिकडे तोंड करा आणि ब्रेक सोडू नका" म्हटलं आणि गाडीखाली आडवी झाले. पाय बाहेर राहिले. वरून बायकांचा आवाज येत होता. एकजण विचारत होती, "आज्जी, आम्ही फुगडी घालायची का?"

"घातलीत तर मी मरेन. गप्प उभ्या राहा."

वायरी काळ्या, घड्या पडलेल्या नळीतून जातात. नळीवरून मी बोटं फिरवत गेले. हे काम डोळ्यांचं नाही, बोटांचं आहे. आम्ही टेप लावलेला झुबका असाच हातातून सोडायचो, खडबड लागली की थांबायचं. एक हात, दोन हात, आणि बोट अडकलं. तार. चपलेची तार. तिचा एक वेढा वायरींच्या नळीभोवती होता आणि दुसरं टोक पाट्याच्या, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या, कडीला. चप्पल बांधायला दुसरी सोयीची जागा नाही, म्हणून इथे बांधलेली. गाडी भरली की पाटा दबतो, कडी मागे जाते, तार ताणली जाते आणि नळीत रुतते. नळी कापली गेली होती. आत हिरव्या वायरीचं तांबं दिसत होतं आणि तार त्याला टेकली होती. कालच्या पिळण्याने ती आणखी आत गेली होती.

"पक्कड द्या."

इलेक्ट्रिशियनने माझ्या हातात दिली. मी तार तोडली. दोन्ही चपला माझ्या छातीवर पडल्या.

"बारीक!" शोभा म्हणाली. "आई, बारीक झाला!"

"सगळ्या डावीकडे या. जोरात दाबा."

गाडी करकरली.

"बारीकच!"

"नाचा आता, फुगडी घाला!"

त्या खरंच नाचल्या. पत्रा माझ्या डोक्यावर ढोलासारखा वाजत होता आणि शोभा प्रत्येक ठोक्याला "बारीक, बारीक" म्हणत होती. मी बाहेर आले तेव्हा चाळीतली निम्मी माणसं जमली होती. मी तार दिगंबररावांच्या हातात दिली. त्यांनी तिच्या टोकाचा काळा डाग बघितला, चपला बघितल्या.

"मीच बांधली ही," ते म्हणाले. "दोन्ही." मग म्हणाले, "मग नजर कुणाची लागली, मामी?"

"चपलेचीच की, दाजी!" पुष्पाबाई वरून म्हणाल्या, आणि उतरायच्या राहिलेल्या सगळ्या हसून खाली बसल्या.

वायर मी साफ केली, तिला वेगळा टेप लावला, मग सगळ्या झुबक्याला लावला. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर आला पाहिजे, असा लावला तर पाणी जात नाही. हिरव्या फ्यूजने वायर आणखी कुठे तापली का तेही टोकापर्यंत हात फिरवून बघितलं. वेळेवर उपटला होता, बाकी कुठे मऊ नव्हती. इलेक्ट्रिशियन वाकून बघत होता. "टेप कुठं शिकलात, आज्जी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "त्या फळीवर कसं बांधतात ते मलाही दाखवा कधी." मी म्हटलं, "आधी हिरवे फ्यूज वाटायचं बंद करा."

चपला मी फेकल्या नाहीत. ज्याची श्रद्धा त्याची. सुतळीने नंबरप्लेटच्या भोकातून बांधल्या, वायरींपासून हातभर लांब.

त्या रात्रीची भाजी पुष्पाबाईंकडून आली, धपाटे लातूरच्या बाईकडून आणि ठेचा कुणाकडून आला ते कळलं नाही. माझ्या येसरला कुणी हात लावला नाही, हेही चांगलंच झालं.

बुधवार

माल भरला. नेहमीपेक्षा दोन क्रेट जास्त होते. दिगंबररावांनी मला विचारलं, "एवढे चालतील का?" हे त्यांनी मला विचारलं, हे लिहून ठेवते. "चालतील," मी म्हटलं.

मोशीपासून चाकणपर्यंत किती गतिरोधक आहेत ते मला आता पाठ आहे. प्रत्येकावर दिगंबरराव ब्रेक दाबायचे आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून मागच्या गाडीच्या काचेत बघायचे. एकदा मागच्या ट्रकवाल्याला वाटलं मी त्याला बघतेय. त्याने हात केला. मीही केला.

गेटवर रांग होती. आमचा नंबर आला. गेटवाला वही काखेत घेऊन मागे गेला. मी उतरून त्याच्या शेजारी उभी राहिले, बूट घालून, हेल्मेट घालून.

"इंडिकेटर."

लागले.

"रिव्हर्स."

वाजला.

"ब्रेक."

दोन्ही दिवे लाल. त्याने हात हलवून परत दाबायला लावला. लाल. मग तो म्हणाला, "थांबा, गतिरोधकावर घ्या." सोमवारी तिथेच गेला होता. गाडी चढली, मागचा पाटा दबला, दिगंबररावांनी ब्रेक दाबून धरला. मी श्वास वगैरे रोखला नाही. टेप मी लावला होता.

दिवे लागलेलेच राहिले.

"काय केलं वो?" गेटवाल्याने विचारलं.

"ह्यांनी काढला फॉल्ट," दिगंबरराव खिडकीतून म्हणाले. रांगेतल्या मागच्या चार गाड्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या सासूबाई. कुरुळीत अर्धी चाळ गाडीत उभी केली आन् काढला!"

गेटवाला माझ्या बुटांकडे बघत राहिला. मग त्याने वही काखेतच ठेवली आणि गेट वर केलं.

आत कारखाना आमच्या सांगवीच्या बाजारापेक्षा मोठा आणि स्वच्छ आहे. जमिनीवर पिवळ्या रेघा, माणसाने रेघेच्या आतूनच चालायचं. मी मागे उभी राहिले आणि "येऊ द्या, येऊ द्या, उजवं कापा, बास" करत गाडी मालाच्या दारापाशी बरोबर लावली. "बास" म्हटल्यावर जावई जागच्या जागी थांबतो हे सुख संसारात फारसं मिळत नाही.

बुधवार ते शनिवार अकरा खेपा झाल्या. एकही परत गेली नाही. शनिवारी भांडाराच्या साहेबांनी कागदावर सही केली आणि गेटवर कायमचा पास करायला पाठवलं. गेटवाल्याने आधी दिगंबररावांचा केला. मग म्हणाला, "क्लीनरचं नाव?"

"आमचा माणूस यायलाय सोमवारी लातूरहून," दिगंबरराव म्हणाले. "त्याचं घ्या."

"दोन नावं चालतात," गेटवाला म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं.

दिगंबररावांनीही बघितलं. "मामी, तुमचं घालू का?"

"घाला."

"वय?" गेटवाल्याने विचारलं.

"अडुसष्ट."

"शिक्षान?"

"चौथी."

"कामाचा अनुभव?"

"एकवीस वर्षं वायरिंग. भोसरी."

त्याने सगळं सावकाश लिहिलं, मग फोटोसाठी हेल्मेट काढायला सांगितलं. मी म्हटलं, कामावर जशी असते तसाच काढा. त्याने तसाच काढला. पास वर्षभराचा आहे, गळ्यात घालायची निळी दोरी आहे, आणि शोभाचं प्लास्टर निघेपर्यंत मी तो रोज घातला. मंडळातल्या ज्या बायकांना चाकण बघायचं असेल त्यांनी मला सांगावं. मला आत सोडतात.